आश्रमाच्या नावाचा मेळा आणि स्टॉलवाल्यांचा बुडालेला गल्ला

गणपती उठले की दिवाळीपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर पोस्टरांचा पाऊस पडतो. 'भव्य कौटुंबिक आनंद मेळा', खाली पणत्या, कोपऱ्यात 'उत्पन्नाचा काही भाग अनाथाश्रमास' आणि ठळक अक्षरांत 'स्टॉलसाठी संपर्क'. यातले बहुतेक मेळे सरळ असतात. ज्या मेळ्याबद्दल इथे लिहितो आहोत तोही वरवर सरळच दिसत होता. ठरलेल्या तारखेला मैदानावर मंडप होता, रोषणाई होती, मुलांसाठी मिकी माउसची घसरगुंडी होती, स्टेजवर अँकरचा गळा बसेपर्यंत पैठणीचा खेळ चालला होता. तरी फराळ, दागिने, उटणी विकणाऱ्या बायकांचं भाडं वाया गेलं आणि खाण्याच्या स्टॉलवाल्यांची तर दोन संध्याकाळची विक्रीच बुडाली. आयोजकाचं नाव लिहीत नाही. असा माणूस नाव बदलून पुढच्या उपनगरात जातो, पद्धत मात्र तीच ठेवतो.

मेळाच झाला नाही, आयोजक पैसे घेऊन पळाला, ही फसवणूक पोलिसांना लगेच कळते. मेळा झाला पण कबूल केल्यासारखा झाला नाही, ही मात्र 'दिवाणी बाब' म्हणून बाजूला सरकवली जाते. सराईत आयोजक म्हणूनच मेळा भरवतो.

सुरुवात स्टॉलच्या नकाशापासून. ग्रुपवर एक रंगीत ले-आउट आला: 110 स्टॉल, प्रत्येक 10 बाय 10 फूट, मध्ये स्टेज, एका बाजूला खाऊगल्ली, मागे मुलांचे खेळ. दोन दिवसांचं भाडं सहा हजार, कोपऱ्याचा स्टॉल आठ हजार, विजेचे पाचशे वेगळे, शिवाय परत मिळणारं हजार रुपये डिपॉझिट. "ताई, शेवटचे चारच राहिलेत, आज टोकन टाकलंत तर कोपरा तुमचा," असा मेसेज एकाच दिवशी निदान पंधरा जणींना गेला होता, हे नंतर स्क्रीनशॉट एकत्र केल्यावर दिसलं. सात नंबरचा कोपरा तिघींना विकलेला होता.

हा नकाशा खोटा आहे हे पैसे भरण्यापूर्वीच कळण्यासारखं होतं. 110 स्टॉल गुणिले 100 चौरस फूट म्हणजे अकरा हजार चौरस फूट नुसते स्टॉल. समोरासमोरच्या रांगांमध्ये निदान दहा-बारा फुटांची वाट सोडावी लागते, नाहीतर बाबागाडी आणि गर्दी एकमेकांत अडकते. त्यात स्टेज, त्यापुढच्या खुर्च्या, घसरगुंडी, जनरेटर, अग्निशमनाच्या गाडीसाठी मोकळा रस्ता. आमच्या अनुभवात स्टॉलच्या क्षेत्रफळाच्या अडीच ते तीन पट जागा लागते, म्हणजे इथे तीस हजारांच्या आसपास. शाळेचं ते मैदान अठरा हजार चौरस फूटही नव्हतं. कॉम्प्युटरवर गूगल मॅप्समध्ये मैदानावर राइट क्लिक करून 'अंतर मोजा' निवडायचं आणि चारी कोपरे जोडून आकृती बंद करायची, की क्षेत्रफळ समोर येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

मग झालं काय, तर सकाळी माल घेऊन पोहोचलेल्या बायकांना 10 बाय 10 ऐवजी सहा फुटांचं एकेक टेबल मिळालं, तेही शेजारच्या टेबलाला चिकटलेलं. मागे पडदा नाही, माल ठेवायला जागा नाही. "जागेची अडचण झाली, ताई, सांभाळून घ्या." भाडं दहा फुटांचं, जागा सहा फुटांची. डिपॉझिट नंतर मैदान अस्वच्छ ठेवल्याच्या नावाखाली कापून घेतलं.

विजेचंही तसंच. बुकिंगच्या वेळी 'प्रत्येक स्टॉलला पॉइंट' एवढंच सांगितलं होतं, किती अँपिअरचा ते नाही. साध्या स्टॉलला दोन एलईडी आणि मोबाइल चार्जरपुरता 6 अँपिअरचा पॉइंट चालतो. 2000 वॉटची इंडक्शन शेगडी मात्र जवळपास 9 अँपिअर ओढते, तिला 16 अँपिअरचाच लागतो. खाऊगल्लीत असे वीस स्टॉल धरले तर तिथेच चाळीस किलोवॉट. त्यावर स्टेजचे दिवे आणि साउंड. 62.5 केव्हीएचा जनरेटर साधारण पन्नास किलोवॉट देतो. इथे आणला होता त्याच्या निम्म्याचा. संध्याकाळी सातनंतर, म्हणजे ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी, वीज तीनदा गेली आणि शेवटी आयोजकाच्या पोरांनी येऊन शेगड्या बंद करायला लावल्या. पावतीवर '16 अँपिअर, 2 किलोवॉट' असं लिहून घेतलेलं असतं तर नंतर बोलायला जागा राहिली असती. 'वीज: होय' या दोन शब्दांवर काहीच सिद्ध करता येत नाही.

आता कूपनं. खरा गल्ला इथेच मारला गेला. खाण्याच्या स्टॉलवर रोख किंवा स्वतःचा क्यूआर चालणार नाही, गेटवरच्या काउंटरवरून लोक 10, 20 आणि 50 रुपयांची कूपनं घेतील, स्टॉलवाल्यांनी ती गोळा करायची आणि रात्री काउंटरवर देऊन पैसे घ्यायचे, असा नियम होता. कारण काय, तर आश्रमाचा दहा टक्के वाटा पारदर्शकपणे काढता यावा. पारदर्शक हा शब्द ऐकल्यावर कोणी पुढे विचारत नाही, आणि त्यातून मुलांच्या आश्रमाचं काम म्हटल्यावर विचारणारा माणूसच कद्रू ठरतो.

कूपन हातात घेतलं तेव्हाच शंका यायला हवी होती. पांढऱ्या कागदावर एकरंगी छपाई, आयोजकाच्या कंपनीचा काळा शिक्का, तोही छापलेलाच. क्रमांक नाही, तारीख नाही, स्टॉलवर राहायचा अर्धा भाग नाही. पहिल्या रात्री साडेदहाला स्टॉलवाले रबर लावलेल्या गड्ड्या घेऊन रांगेत उभे राहिले. काउंटरवरच्या मुलाने गड्डी मोजली आणि शंभर पानी वहीत लिहिलं: 'स्टॉल 31, नग 214'. रुपये लिहिलेच नाहीत. 214 नग म्हणजे दहाचे असतील तर 2,140, पन्नासचे असतील तर 10,700. स्टॉलवाल्याकडे त्या नोंदीची ना सही, ना फोटो. प्रत्येकाला हजार-दोन हजार रोख दिले आणि "बाकीचं उद्या एकदम" म्हणून परत पाठवलं. ते हजार-दोन हजार हातात पडल्यामुळेच दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा आले, पुन्हा माल लावला आणि पुन्हा कूपनंच घेतली.

दुसऱ्या रात्री आयोजकाचं म्हणणं असं, की विकली त्यापेक्षा जास्त कूपनं परत आली, कोणीतरी झेरॉक्स मारल्यात, सगळी तपासून आठवड्यात हिशेब करतो. झेरॉक्स झाल्याही असतील, कशावरून नाही? पण ते कोणी केलं हे ठरवायचं कसं, क्रमांकच नसताना? काउंटरवर किती विकली याचा हिशेब एकट्या आयोजकाकडे होता. आठवड्याची दिवाळी झाली, दिवाळीची तुळशीचं लग्न.

कूपन पद्धत मुळात वाईट नाही. स्वतःच्या सोसायटीचा मेळा असेल, खजिनदार शेजारच्याच इमारतीत राहत असेल, तर ती सोयीचीही पडते. सुट्या पैशांची कटकट वाचते. परक्या आयोजकाकडे मात्र ती मान्य करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तुमचा क्यूआर, तुमचा गल्ला; वाटा द्यायचा तर मेळा संपल्यावर तुम्ही आश्रमाला थेट द्या आणि आश्रमाची पावती घ्या. कूपन घ्यावंच लागणार असेल, तर ते क्रमांकित आणि प्रत्येक किमतीला वेगळ्या रंगाचं असलंच पाहिजे. काउंटरवर ज्या क्रमांकांची पुस्तकं विकायला काढली त्यांची यादी स्टॉलवाल्यांपैकी दोघांकडे सकाळीच द्यायला लावावी. हिशेब रात्री एकदाच न करता दर दोन-तीन तासांनी व्हावा, प्रत्येक वेळी 'पन्नासची इतकी, वीसची इतकी, एकूण रुपये इतके' अशी सही केलेली चिठ्ठी मिळावी, आणि आधीचे पैसे हातात पडल्याशिवाय पुढची गड्डी देऊ नये. काउंटरवर देण्यापूर्वी गड्ड्या पसरून फोटो काढला तर उत्तम.

आश्रमाला काय मिळालं? बिस्किटांचे दोन खोके आणि मुलांबरोबर आयोजकाचा फोटो. मजा म्हणजे बुकिंगच्या वेळी ग्रुपवर आश्रमाचं पत्र टाकलेलं होतं, लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह. सगळ्यांनी शिक्का पाहिला, मजकूर कोणीच वाचला नाही. ते आदल्या वर्षीच्या कुठल्याशा खाऊवाटपाबद्दलचं आभारपत्र होतं. आपल्या नावाने निधी गोळा करायला परवानगी दिल्याचं त्यात एक अक्षर नव्हतं. आश्रमाला मेळ्याची खबरही फसवलेल्या बायकांकडूनच लागली.

असं पत्र दिसलं तर आधी तारीख आणि विषय वाचायचा. नंतर संस्थेला फोन करायचा, पण पत्रावरच्या किंवा पोस्टरवरच्या नंबरवर नाही. संस्थेच्या फलकावरून किंवा तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरून मिळवलेल्या नंबरवर. संस्थेचा धर्मादाय नोंदणी क्रमांक विचारायचा आणि तो धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नाहीतर जिल्ह्याच्या कार्यालयात पडताळायचा. ज्यांची नोंदणी नाही अशा मंडळांना किंवा गटांना देणगी, वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 41-क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी ती काढतात, त्यामुळे 'असं काही नसतं हो' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. 'सरससारखा मेळा', 'भीमथडीच्या धर्तीवर' असले शब्द पोस्टरवर असणं हा कसलाच पुरावा नाही. महालक्ष्मी सरस हे ग्रामविकास विभागाच्या उमेद अभियानाचं प्रदर्शन आहे. तिथला स्टॉल कोणी मध्यस्थ फोनवर विकत असेल तर तो तुम्हाला गंडवतोय.

पैसे भरण्यापूर्वी आयोजकाकडे मागायचे कागद फार नाहीत. मैदान भाड्याने घेतल्याची पावती, मांडणीच्या दिवसासह तारखा लिहिलेली. पोलिसांचं परवानगीपत्र, ध्वनिक्षेपकाच्या परवान्यासह, आणि अग्निशमन दलाचं ना-हरकत. मेळ्याला महिना असताना सगळं हातात असेलच असं नाही, पण मैदानाची पावती असलीच पाहिजे. मैदान न घेता स्टॉल विकणारा माणूस तुमच्याच पैशांवर जुगार खेळतो. त्या पावतीवरचं नाव, बँक खात्यावरचं नाव आणि बिलावरचं नाव तिन्ही एक हवीत. इथे मैदान एका क्रीडा मंडळाच्या नावे, बिल इव्हेंट कंपनीचं आणि पैसे कोणा तिसऱ्याच माणसाच्या यूपीआयवर गेले होते. बिलावर जीएसटी लावला असेल तर 15 अक्षरी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहायचा. महाराष्ट्रातला असेल तर तो 27 ने सुरू होतो. त्या बिलावर चौदाच अक्षरं होती.

फसल्यावर काय करायचं ते थोडक्यात. ऑनलाइन पैसे गेले असतील आणि फार वेळ झाला नसेल तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन. यूपीआयचा 12 अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. पोलीस ठाण्यात एकेकट्याने जाऊ नका, सगळ्यांनी मिळून एकच तक्रार द्या, सोबत तक्ता: नाव, स्टॉल नंबर, तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक. 'दिवाणी आहे' म्हटलं तर बेत पहिल्यापासूनच फसवण्याचा होता हे दाखवणाऱ्या गोष्टी पुढे करा: एकच स्टॉल तिघींना विकला, आभारपत्र परवानगी म्हणून दाखवलं, मावणार नाहीत इतके स्टॉल विकले. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी 318(4) आहे. कूपनांचे पैसे तर स्टॉलवाल्यांच्या वतीने सांभाळायला घेतले होते, तो विश्वासघात कलम 316 मध्ये बसतो. दोन्ही कलमांचा आग्रह धरा. ग्राहक आयोगात समोरचा 'हे व्यावसायिक कारणासाठी होतं' असं म्हणतोच. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला या 'व्यावसायिक कारणा'तून वगळलं आहे, म्हणजे तो ग्राहकच ठरतो, म्हणून बचत गटाचं पत्र, उद्यम नोंदणी किंवा अन्न परवाना जोडावा.

आणि व्हॉट्सॲप. या आयोजकाने ग्रुप काढतानाच मेसेज सात दिवसांनी आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू केली होती. नकाशा, दर, 'प्रत्येक स्टॉलला पॉइंट', सगळं मेळ्याआधीच उडून गेलं होतं. जे उरलं ते ज्या दोघींनी सवयीने स्क्रीनशॉट काढले त्यांच्या फोनमध्ये. ग्रुपच्या नावावर बोट ठेवलं की ही सोय चालू आहे का ते दिसतं. चालू असेल तर त्याच दिवशी चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करा, आणि स्टॉलचं माप, वीज, दर यांबद्दलचे प्रश्न ग्रुपवर न विचारता आयोजकाला ई-मेलवर विचारा.