चार तारे, पाचवा त्या नळीने खाल्ला

खोक्यावर समुद्रकिनारी हातात हात घालून चाललेलं एक जोडपं छापलंय. माझी गाडी अजून समुद्रापर्यंत गेलीच नव्हती. खुर्चीत धड बसवत नव्हतं, पँटची शिवण टोचत होती, लघवी झाली की चुरचुरत होतं. मला फक्त एवढा त्रास थांबायला हवा होता.

तर हे परीक्षण योनीमार्गात लावायच्या हायलुरोनिक ॲसिडच्या जेलचं. यात हार्मोन अजिबात नाही. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, कारण घेताना नावापेक्षा खोक्यामागची बारीक अक्षरं कामाची असतात. त्याकडे येतेच.

आधी माझी हकीकत, म्हणजे कुणाच्या अनुभवावर विश्वास ठेवताय ते कळेल. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, लवकर सापडलेला. दुर्बिणीने पिशवी काढली, सोबत नळ्या आणि दोन्ही अंडाशयं. रेडिएशन लागलं नाही. माझी पाळी तोवर नियमित नसली तरी चालू होती. बाकीच्या बायकांची पाळी जायला दोन-चार वर्षं रेंगाळते, माझी एका भुलीत गेली. अंगाची लाही, मानेवरून ओघळणारा घाम, रात्री चादर फेकून देणं हे सगळं होणार याची कल्पना मला दिली होती. कोरडेपणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आणि तो सावकाश येतो, त्यामुळे त्याचा संबंध ऑपरेशनशी आहे हे लक्षातही येत नाही. मी साबण बदलला, मग कपडे धुवायची पावडर बदलली.

इस्ट्रोजेन गेलं की तिथली त्वचा पातळ होते, ओलावा आटतो. पाळीच्या वयात तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५, म्हणजे आंबट बाजूचा असतो. पुढे तो ५च्या वर सरकतो आणि राखण करणारे चांगले जंतू कमी होतात. मग लघवीचा संसर्ग पुनःपुन्हा होतो. यावर हार्मोनचं क्रीमही मिळतं. पण आमच्यासारख्यांना ते चालेल का, हे कॅन्सरचा प्रकार, टप्पा, सगळं बघून डॉक्टरच ठरवतात. कुणा मैत्रिणीची ट्यूब उचलून लावायची नाही. माझ्या डॉक्टरांनी आधी हार्मोनविना बघू म्हटलं, आणि टाके तपासून पूर्ण भरल्याची खात्री झाल्यावरच परवानगी दिली. पिशवी काढल्यावर योनीचं वरचं टोक शिवलेलं असतं. ते भरेपर्यंत आत काहीही घालायचं नाही, जेलसुद्धा नाही.

आता वस्तू. ट्यूब, सोबत वापरून फेकायच्या नळ्या, आणि मुंगीच्या अक्षरातलं माहितीपत्रक. जेल पारदर्शक, बिनवासाचं. पहिल्या वेळी हलकंसं झोंबलं, मिनिटाभरात शमलं. झोपताना लावायचं, कारण उभं राहिलं की थोडं बाहेर येतंच. सकाळी पातळ पॅड लागतो. सुरुवातीला मला वाटलं की सगळंच वाहून गेलं, पण तसं नसतं.

नळीवर मात्र माझा राग आहे. दट्ट्या इतका घट्ट की अंगठ्याने जोर लावला की तो अडतो, आणि मग एकदम सुटून सगळं जेल एका झटक्यात आत. ज्या बाईचं ते टोक नुकतंच भरलंय तिच्या काळजाचा ठोकाच चुकतो. कडा गुळगुळीत आहे, पण नळी कुठवर घालायची याची खूण नाही. मी आता नळीच्या टोकाला थोडं जेल चोळते, एका कुशीवर पाय दुमडून झोपते, आणि अडल्यासारखं वाटलं की तिथेच थांबते. बाहेरच्या भागाला स्वच्छ बोटाने वेगळं लावते. जळजळ खरी तिथेच होती आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नाही! हे मला फिजिओथेरपिस्टने सांगितलं.

फरक पडला, पण उशिरा. हे मॉइश्चरायझर आहे, आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने लावायचं. त्या दिवशी काही कार्यक्रम असो वा नसो. लुब्रिकंट वेगळं, ते ऐनवेळी लावायचं. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात आणि निम्म्या बायका लुब्रिकंट घेऊन जातात, मग म्हणतात गुण येत नाही. मला आधी लघवीची चुरचुर गेली, मग शिवण टोचायची थांबली. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी आतून बघितलं तेव्हा मी टेबलाची कड घट्ट धरली नव्हती. माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी पावती. नवराबायकोच्या बाबतीतही सोपं झालं, मात्र इच्छा ट्यूबमधून येत नाही. तो विषय वेगळा आहे.

बारीक अक्षरांत काय बघायचं? पीएच ४.५च्या आसपास हवा. सुगंध, ‘गरमावा देणारं’, ‘थंडावा देणारं’ असलं काही नको. ग्लिसरीन भरपूर असलेलं टाळलेलं बरं. त्याने द्रावणात विरघळलेले घटक फार वाढतात, आणि असं द्रावण पेशींतलं पाणी ओढून घेतं. लुब्रिकंटसाठी जागतिक आरोग्य संघटनेने याचं माप सुचवलंय: ऑस्मोलॅलिटी शक्यतो ३८०च्या खाली, फार तर १२०० पर्यंत. माझ्या खोक्यावर पीएच आहे, हा आकडा नाही. कंपनीला विचारलं, उत्तर म्हणून तेच माहितीपत्रक पुन्हा आलं.

याच्याकडून अपेक्षा ठेवू नयेत अशा गोष्टी: अंगाची लाही यानं कमी होत नाही. त्यासाठी हार्मोनविना गोळ्या आहेत, व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन वगैरे; त्या डॉक्टरांशी बोलूनच. मी सध्या सीबीटीची, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाची सत्रं करतेय. घाम तेवढाच येतो, त्याची धास्ती कमी झालीये. हाडांसाठीही जेल कामाचं नाही. लवकर अंडाशयं गेलेल्यांनी हाडांची घनता मोजण्याबद्दल विचारावं. आणि सोबत घेतलेला पोटाचा पट्टा? खोकताना बरा वाटायचा, बाकी वेळ नुसता गुंडाळत वर चढायचा. त्याला दोन तारे.

शेवटचं. जेल लावल्यावर पॅडवर पांढरट किंवा पारदर्शक ओल दिसेल, ते ठीक. गुलाबी, लाल, तपकिरी काहीही दिसलं तर नळी लागली असेल म्हणून गप्प बसू नका. जेल थांबवायचं आणि पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा.