फॅक्टरी आयओ: पॅनेलचं वायरिंग चालू असतानाच प्रोग्राम तपासा

नागपूरजवळ हिंगणा-बुटीबोरीत ऑटोमेशनची छोटी कामं घेणाऱ्यांसाठी पोर्तुगालच्या रिअल गेम्स कंपनीचं फॅक्टरी आयओ हे विंडोजवरचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर कामाचं आहे. पडद्यावर कन्व्हेयर, पुशर, सेन्सर. ते चालवतो आपलाच लॅडर, म्हणजे पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्राम; तो चालतो पीएलसीसिम या सीमेन्सच्या आभासी पीएलसीवर किंवा खऱ्या पीएलसीच्या सीपीयूवर. आधी ट्रायल घेऊन बघा.

जोडणीत लोक दोन ठिकाणी अडकतात. पीएलसीसिम वापरताना टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रोटेक्शन’ टॅबवर सिम्युलेशन सपोर्टला टिक हवी. खरा एस७-१२०० (सीमेन्सचा छोटा पीएलसी) जोडला तर पुट/गेटला, म्हणजे बाहेरून पीएलसीची मेमरी वाचण्या-लिहिण्याला, परवानगी द्या आणि इनपुटचे पत्ते खऱ्या मॉड्यूलच्या पत्त्यांपासून दूर ठेवा. नाहीतर पीएलसी दर स्कॅनला हार्डवेअर वाचतो आणि बाहेरून लिहिलेलं पुसून टाकतो.

सायकल एकदा नीट फिरली की बरेच जण तिथेच थांबतात. पैसे वसूल होतात ते त्यानंतर, मुद्दाम बिघाड घातल्यावर. पुशरसमोरचा सेन्सर ‘ऑन’ अडकवा: एज (सिग्नल ऑफचा ऑन होण्याचा क्षण) एकदाच मिळते, मोजणी थांबते, खोकी मात्र पुढे जातच राहतात. म्हणून जॅम टायमर हवा. २ मीटरचा पट्टा सेकंदाला ०.२ मीटरने चालत असेल तर खोकं १० सेकंदांत पोचतं. १३ सेकंदांनी पट्टा थांबून अलार्म आलाच पाहिजे. मग पुशर अर्धा बाहेर असताना पीएलसी स्टॉप करून पुन्हा रनवर घ्या. सायकल कुठवर आली ते सांगणारा स्टेप नंबर रिटेंटिव्ह (पीएलसी थांबला तरी टिकणारा) नसेल तर तो शून्यावर येतो आणि पुशर वाटेत असतानाच प्रोग्राम नवं खोकं मागवतो. रिटेंटिव्ह केलं म्हणजे झालं असंही नाही, होमिंगची (पुशर मूळ जागी आणायची) स्टेप लिहावीच लागते. हे साइटवर कळलं असतं तर एखादा सिलिंडर वाकवून कळलं असतं!

मात्र याला आपल्या मशीनचा डिजिटल ट्विन (हुबेहूब आभासी प्रत) म्हणू नका. स्वतःचं कॅड मॉडेल आत घेता येत नाही. खोकी, पॅलेट आहेत. संत्र्याच्या ग्रेडिंग लाइनवर गडगडणारं फळ नाही. तेवढं हवं असेल तर सीमेन्सचं मेकॅट्रॉनिक्स कन्सेप्ट डिझायनर आणि पीएलसीसिम ॲडव्हान्स्ड बघा, पण खर्च आणि शिकण्याचा वेळ दोन्ही बरेच वाढतात.

इथला सेन्सर कायम स्वच्छ असतो, त्यामुळे धूळ आणि कॉन्टॅक्ट बाउन्ससाठी (स्विच जुळताना होणाऱ्या थरथरीसाठी) लिहिलेला फिल्टर तपासला जात नाही. एन्कोडरचे (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचे) वेगवान पल्सही इथे तपासू नका, फॅक्टरी आयओला पीएलसीशी जोडणाऱ्या ड्रायव्हरला ते पकडता येत नाहीत. ई-स्टॉप (आणीबाणीत थांबवायचं बटण) आणि गार्ड स्विचची चाचणी खऱ्या मशीनवरच, वायर काढून.