हंसराजचं रोप झकास, सोबतचं कार्ड मात्र फेकून द्या (४/५ स्टार)

देशी झाडं विकणाऱ्या एका छोट्या ऑनलाइन नर्सरीतून मागच्या पावसाळ्यात हंसराज हा आपला देशी फर्न मागवला होता. नाव देत नाही कारण थोडी तक्रार पण आहे, आणि माणसं चांगली आहेत उगाच कशाला. वर्ष झालं म्हणून आता लिहितेय, फर्नचा रिव्ह्यू पार्सल उघडल्या उघडल्या देण्यात काही अर्थ नसतो.

पॅकिंग एक नंबर. मुळांचा गोळा ओल्या काथ्यात, वरून प्लास्टिक, पानांना पेपरचं नळकांडं. कुरिअरवाल्याने बॉक्स उलटा आणूनसुद्धा एखाददुसरं पान मोडलं फक्त. आणि महत्त्वाचं म्हणजे खरा आपला हंसराजच आला. साध्या नर्सरीत मेडनहेअर म्हणून जो बारीक पानांचा झुपका देतात ना तो बहुतेक वेळा मूळचा दक्षिण अमेरिकेतला असतो, दिसतो छान पण आपला नाही. आपल्या हंसराजला एकाच काळ्या चकचकीत दांडीवर दोन्ही बाजूंनी अर्धगोल पंख्यासारखी पानं येतात, पावसाळ्यात घाटातल्या दरडींवर आणि कोकणात जांभ्या दगडाच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, सगळीकडे हाच असतो.

घ्यायच्या आधी मी त्यांना सरळ विचारलं होतं की दादा, घाटातून उपटून तर आणत नाही ना. त्यावर त्यांनी फोटोच पाठवला, मधे मोठी कुंडी आणि भोवती मातीचे छोटे कप, कुंडीतल्या पानांची शेंडी प्रत्येक कपात तारेच्या पिनेने दाबलेली. या फर्नची गंमतच ही आहे, पानाचं टोक शेपटीसारखं लांबत जातं आणि मातीला टेकलं की तिथेच मूळ धरून नवीन रोप करतं. माझ्या रोपाच्या बुडाशी त्या जुन्या दांडीचा वाळका काळा तुकडा अजून चिकटलेला होता. यासाठी एक स्टार जास्तच द्यायला हवा खरं तर.

आता ते कार्ड. त्यावर छापलंय, वर्षभर माती ओली ठेवा, भरपूर उजेड द्या, दर महिन्याला खत घाला. सगळ्या फर्नना एकच कार्ड देतात वाटतं! अहो हंसराज पावसाळी आहे, दिवाळीच्या पुढेमागे पानं पिवळी पडायला लागतात आणि थंडीत वर नुसत्या काळ्या काड्या उरतात. मेलेला नसतो, मातीतला कंद झोपलेला असतो, आणि नेमकं तेव्हा कार्ड वाचून रोज पाणी आणि खत घातलं की तो कुजतो. माझं माहेर सावंतवाडीकडचं, शिमग्यापर्यंत गडगे कोरडे ठाक होतात आणि जूनमध्ये परत हिरवे, हे लहानपणापासून बघितलंय म्हणून मी शांत बसले. चिंचवडच्या मैत्रिणीने मात्र त्याच नर्सरीचं रोप मेलं समजून कुंडीसकट सोसायटीच्या कचऱ्यात टाकलं. त्यांच्या पेजवर 'काड्या पाठवल्या, फसवणूक' असे एक स्टारवाले रिव्ह्यू आहेत ते पण डिसेंबर-जानेवारीचेच, त्यांच्याशी मी सहमत नाही, पण त्या दिवसात रोप विकताना एक ओळ लिहायला काय जातं?

दुसरी गोष्ट पण कार्डवर नाही. पानाच्या मागे कडेकडेने तपकिरी पट्ट्या दिसतात, कीड समजून लोक नीमतेल मारत सुटतात. फोनचा मॅक्रो लावून बघा, पानाची कडच खाली दुमडलेली असते आणि तिच्या आड बीजाणू, म्हणजे फर्नच्या बियाच म्हणा ना, असतात. काही मारू नका. खरा शत्रू गोगलगाय, रात्री टॉर्च घेऊन उचलायची.

माझ्याकडे उत्तरेची बाल्कनी आहे, ऊन थेट येतच नाही. मातीची पसरट कुंडी, पानांचं कुजलेलं खत, थोडं कोकोपीट आणि भरपूर विटेचे तुकडे, जांभा मिळाला तर आणखी चांगलं. कंद खोल पुरायचा नाही, वरच्यावरच ठेवायचा. पावसात पाणी निघून गेलं पाहिजे पण माती सुकायला नको, आणि पानं गळाली की कुंडी सावलीत कोपऱ्यात सरकवून अधूनमधून हलकासा शिपका, बस. पुण्याच्या एप्रिलमध्ये तर मी तिच्याकडे बघत पण नाही. यंदा पहिल्या पावसानंतर काड्यांच्या मधून गुंडाळलेले कोंब वर आले आणि आता एका पानाने शेजारच्या कुंडीत शेंडी टेकवून पिल्लू केलंय, म्हणजे रोपाचे पैसे वसूल.

किंमत ठीक आहे, रोप दोनशेच्या आत, पण कुरिअर जवळजवळ तेवढंच, म्हणून दोघी-तिघींनी मिळून मागवा आणि जून-जुलैमध्येच मागवा. एक स्टार कार्डसाठी कापला, त्यांना मेसेज पण केलाय, 'बघतो मॅडम' म्हणाले.

आणि हो नर्सरीवाले दादा, वाचत असाल तर, जुन्या विहिरींच्या चुन्याच्या भिंतीवर पाझर असतो तिथे वाढणारा नाजूक पानांचा दुसरा हंसराज पण करा की तयार. तो ओलाव्यात असला तर थंडीत पण हिरवा राहतो. लिस्टमध्ये आला की दोन माझे.