वेणी सोड म्हटलं, तर तिने सोडूनच दिली!

उजवा खांदा आखडल्यापासून हात मागे जात नाही, आणि केस अजून कमरेपर्यंत. म्हणून डोंबिवलीत घरी येऊन तेल लावून केस धुऊन देणारी सेवा मोबाइलवरून मागवली. ४९९ रुपये, पाऊण तास. दोनदा मागवली, दोन्ही वेळा तीच मुलगी आली.

पहिल्यांदा स्टुलावर बसत म्हटलं, "आधी वेणी सोड गं." "बरं काकू," म्हणाली आणि सरळ भांगात तेल ओतायला लागली. वेणी जशीच्या तशी! तिला वाटलं, काकू म्हणतायत वेणीचं राहू दे. आता 'सोड' म्हणजे 'जाऊ दे' हेही खरंच, तिला काय बोलणार? मग विचारते, "काढू का?" अगं, काढतात ती अबोलीची, माळलेली. घातलेली वेणी सोडतात. "म्हणजे ओपन करायची!" वेणी आहे की लोणच्याची बरणी?

इथवर मजा होती. मग तिने रबर खस्सकन ओढलं, त्याबरोबर पाच-सहा केस आले, आणि कंगवा थेट टाळूपासून खाली. सगळा गुंता शेंड्याशी गोळा. थांबवलंच तिला. आमच्या आईची रीत सांगितली: शेंड्याकडून एकेक पेड बोटांनी उकलत वर यायचं, मग मोठ्या दातांचा कंगवा, तोही शेंड्यापासून. रबर घट्ट बसलं असेल तर सरळ कात्री लावायची, दोन रुपयांचं तर असतं. आणि गुंता धुण्याआधीच, कोरड्या केसांतला सोडवायचा. ओला केस ताणला की तुटतो.

दुसऱ्या वेळी दारातूनच, "काकू, वेणी सोडायचीय ना?" हात इतका हलका, की मला डुलकी लागली.

तक्रार मुलीची नाही, कंपनीची. वेणी सोडायला माझी दहा मिनिटं जातात, ती पाऊण तासात धरलेलीच नाहीत. दोन्ही वेळा मालिश उरकतं घेतलं. लांब केसांना वेळ वाढवून द्या, पैसे घ्या हवे तर.

पाचपैकी साडेतीन तारे. मागवणार असाल तर सकाळची वेळ घ्या. मी संध्याकाळी साडेसहाची घेतली, तर सासूबाई तासभर पुटपुटत होत्या, "तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून बसलीये."