१३ फुटी कॅराव्हॅन ट्रेलर: वर्षभर वापरल्यानंतर, दुसऱ्या दोन मांडण्यांशी ताडून

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. छोट्या ट्रेलरमध्ये पलंग रोज उघडावा आणि रोज मिटावा लागत असेल, तर तो ट्रेलर हौसेने चारदा बाहेर निघतो आणि मग ताडपत्रीखाली जाऊन बसतो. आमचा बसला नाही, कारण दोन महिन्यांतच आम्ही आतली मांडणी उखडून आमच्या सोयीची करून घेतली.

वरूड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे, तोही एका जागी नाही. दोन शिवारांत दोन तुकडे, मधे नऊ किलोमीटर. कृषी फीडरची लाइन, म्हणजे शेतीपंपांची वीज, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीत ठिबक चालू करायला जायचं, वर रोही (नीलगायी) आणि रानडुकरांची जागल. दोन्ही वावरांत खोल्या बांधण्यापेक्षा ओढून नेता येईल अशी एकच खोली बरी, हा मूळ हिशेब. चिखलदरा, लोणार, सालबर्डी हे त्यातून निघालेलं फुकटचं सुख. आम्ही दोघं आणि दोन मुलं. ओढायला बोलेरो.

आमच्या ट्रेलरचा आराखडा मूळ कॅनडाचा. १९६८ साली विनिपेगमध्ये बोलर नावाचा १३ फुटी फायबरचा ट्रेलर निघाला. वरचा आणि खालचा असे दोन भाग साच्यातून काढून मधोमध जोडलेले, त्यामुळे गळायला सांधे कमी. पुढे अमेरिकेतल्या स्कॅम्पने तेच रूप उचललं आणि आजही तिकडे ‘१३ फुटी’ म्हटलं की बहुतेक तीच मांडणी डोळ्यासमोर येते: मागे टेबल आणि समोरासमोर दोन बाकडी, त्यांचाच रात्री डबलबेड; पुढे आडवा सोफा, त्याची पाठ वर उचलली की दोन बंक; मधे एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला दार. चित्रात एकदम झकास दिसतं. आमच्या फॅब्रिकेटरने हेच चित्र समोर ठेवून बनवलं, आणि दारसुद्धा चित्रात होतं तिकडेच, म्हणजे उजवीकडे ठेवायला निघाला होता. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, तिथे उजवं दार कडेला उघडतं. आपल्याकडे तेच दार थेट ट्रकांच्या अंगावर उघडेल. सांगाड्याचा फोटो आला तेव्हा हे दिसलं म्हणून वाचलं. परदेशी आराखडा घ्यायचाच असेल तर ब्रिटनचा घ्या, ते आपल्यासारखेच डावीकडून चालतात आणि त्यांची दारंही डावीकडेच असतात.

आता त्या टेबल-बेडचं. रात्री टेबल काढा, बाकड्यांच्या कडेवर खाली बसवा, पाठीच्या आणि बुडाच्या गाद्या चार तुकड्यांत जुळवा, वर चादर. सकाळी उलटं. दोन तुकड्यांमधली फट बरोबर कमरेखाली येते. त्यात आमची रात्रपाळी: बारा वाजता मोटार लावून आलो की एकाला पाठ टेकायची असते, दुसऱ्याला चहा प्यायचा असतो, आणि दोघांना लागते ती जागा एकच. एका रात्री बायको वैतागून म्हणाली, “अहो, ह्या टेबलावर जेवाचं हाय का निजाचं, एक काय ते ठरवा.” ठरवलं. गावातल्या सुताराकडून बारा मिलिमीटरच्या प्लायची एकसंध फळी टाकून घेतली, साडेचार बाय सव्वासहा फूट. गादीखाली ओल धरू नये म्हणून तिला वीतभर अंतरावर भोकं पाडली. फोमचे तुकडे भाच्याला दिले आणि पिंजाऱ्याकडून कापसाची गादी भरून आणली. वजन वाढलं, कबूल. पण एप्रिल-मे महिन्यात फोम रात्रभर तापलेला राहतो, कापूस नाही.

चौघांनी आत टेबलाभोवती बसायची सोय त्यात गेली. ती गेल्याचं कुणालाच जाणवलं नाही. आपल्याकडे वर्षातले आठ महिने माणूस बाहेरच जेवतो. पुढच्या सोफ्यासमोर भिंतीला बिजागरीची दोन फुटी फळी लावली, मुलांचा अभ्यास आणि माझा हिशेब तिच्यावर होतो. पलंगाखालची पोकळी मात्र घबाड निघाली. बाहेरून एक झडप कापून घेतली, त्यातून ठिबकच्या नळ्या, फवाऱ्याचा पंप, टॉर्च, सगळं आतल्या माणसाची झोप न मोडता काढता येतं.

साडभाऊंचा ट्रेलर चांदूर बाजारला असतो, थेंबाच्या आकाराचा. अमेरिकेत १९३० च्या दशकात लोकांनी घरच्या घरी बनवायला सुरुवात केली, तो प्रकार. आत फक्त गादी, उंची चार फूट, मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकघर. आम्ही दोन्ही ट्रेलर बरोबर घेऊन चिखलदऱ्याला गेलो होतो. परतवाड्याच्या पुढे घाट लागला तसा त्यांचा हलका डबा गाडीमागे आहे की नाही इतपत, आणि माझी बोलेरो दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत. वर पोचल्यावर त्यांनी दोघांनी हाताने ढकलून ट्रेलर झाडाखाली लावला, मी अर्धा तास रिव्हर्स घेत होतो.

आणि स्वयंपाक! इथे आमचा ट्रेलर सपशेल हरतो. परदेशी मांडणीत ओटा आत असतो, कारण त्यांना पाव भाजायचा नि अंडं तळायचं. तेरा फुटी बंद डब्यात मिरचीची फोडणी दिली की मुलं खोकत बाहेर, आणि गादीला तो वास पुढच्या शनिवारपर्यंत. ठेचा तर विचारूच नका. आई एकदा बगीच्यात आली, आतला ओटा बघितला, पाऊल मागे घेतलं आणि बाहेर विटा मांडून वांग्याची भाजी नि भाकरी केली. तेव्हापासून शेगडी बाहेरच. आतल्या ओट्यावर चहा आणि मुलांचं दूध, बस्. आज नव्याने बनवून घ्यायचा असता तर पलंग आडवा, कायमचा, आणि ओटा मागच्या झाकणाखाली, असंच सांगितलं असतं. एक सूचना, शेगडी कुठेही असो: पाच किलोचं सिलिंडर आत ठेवू नका. बाहेरून उघडणारी पेटी करा आणि तिच्या तळाला भोकं ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो.

थेंबाचं वाईट काय? कपडे बदलायला उभं राहता येत नाही. पाऊस आला की मागचं स्वयंपाकघर बंद. मुलं असतील तर विषयच नाही. दोनच माणसं असतील, गाडी लहान असेल, तर मी डोळे मिटून तोच घ्या म्हणेन.

तिसरी मांडणी ताडोब्याला मोहर्लीच्या बाजूला पाहिली. एका मुक्कामाच्या ठिकाणी १६ फुटी ट्रेलर कायमचा उभा केलेला होता, कायमचा पलंग आणि संडास-न्हाणी. झोप उत्तम. पण अडीच बाय तीन फुटांच्या त्या न्हाणीत बादली ठेवली की माणूस मावत नाही आणि माणूस उभा राहिला की बादली. आंघोळ झाली की दिवसभर आत दमटपणा. अमेरिकेत वाटेवर मैल्याची टाकी रिकामी करायची ठरलेली ठिकाणं असतात. आपल्याकडे ती टाकी घेऊन कुणाच्या दारात जाणार? त्यापेक्षा आम्ही हाताने उचलता येणारा छोटा केमिकल टॉयलेट ठेवला आहे, फक्त रात्रीपुरता, तो घरी आणून संडासात रिकामा करतो. न्हाणी टाळली की आठ-नऊ चौरस फूट जागा वाचते. तीही तेरा फुटांत फार झाली.

उन्हाबद्दल. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच कुठलाच ट्रेलर आपल्या भागात राहण्यालायक नसतो, विकणारा काहीही सांगो. रात्रीचं मात्र जमतं, अट एकच: समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या. खिडकीला बाहेरून छोटा कूलर टेकवला आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली की झोप लागते. हवा जायला वाट नसेल तर कूलर नुसता घामट करतो, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. छताला १४ बाय १४ इंचाचं पंख्याचं झरोखं आहे, ते पाऊस लागल्यावर, कूलर निकामी झाल्यावर कामी येतं. एसीचा मोह मलाही झाला होता. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १,२८० वॅट-तास. पाऊण टनाचा एसी सातशे वॅट ओढू लागला की दोन तासही पुरत नाही. त्याच बॅटरीवर तीस वॅटचा पंखा रात्रभर फिरतो नि सकाळी फोनही चार्ज होतो. सोलर पॅनेल छतावर पक्कं बसवू नका. ट्रेलर कडुलिंबाच्या सावलीत लावायचा असतो, पॅनेलला ऊन हवं असतं. आमचं सुटं आहे, आठ मीटर वायर, धुऱ्यावर उन्हात टेकवतो.

वजनाचं गणित मांडणीतच दडलेलं असतं, त्याकडे चित्र बघताना कुणी बघत नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे हुकावर यायला हवा. कमी आला तर शेपूट हलायला लागते. आमचा भरलेला ७२० किलोचा. साठ लिटरची पाण्याची टाकी बनवणाऱ्याने ॲक्सलच्या मागे टांगली होती. संत्रा मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा पुढच्या चाकाखाली सरकवून बघितलं: टाकी रिकामी असताना ६१ किलो, भरल्यावर ३८. मोर्शीच्या रस्त्यावर साठच्या पुढे गाडी का डोलते, ते काट्याने सांगितलं. टाकी ॲक्सलच्या जराशी पुढे घेतल्यावर भरलेल्या टाकीनेही काटा ६७ वर आला आणि डोलणं थांबलं. सत्तरच्या वर मी तरीही नेत नाही.

हुकाचा गोळाही तपासा. युरोपचा गोळा ५० मिलिमीटरचा, अमेरिकेचा दोन इंच, म्हणजे ५०.८. डोळ्याला फरक दिसत नाही, पण दोन इंची कप्लर, म्हणजे ट्रेलरच्या टोकाची गोळ्यावर बसणारी वाटी, ५० च्या गोळ्यावर खडखडतो. दोन्ही एकाच मापाचे घ्या.

काळ्या मातीत पावसाळ्यात नेऊच नका. पुढचं छोटं चाक पहिल्याच सरीत गायब होतं. आम्ही मृगापासून दसऱ्यापर्यंत दोन्ही वावरांत मुरूम टाकलेल्या ठरलेल्या जागीच उभा करतो, पायांखाली सागाच्या फळ्या. महिनाभर हलला नाही की उंदीर वायरी कुरतडतात. सगळी वायरिंग लवचिक लोखंडी नळीतून घ्यायला लावा, प्लॅस्टिकच्या नळीचं आमच्याकडे भुसकट झालं.

कागदपत्रांचं थोडक्यात. ट्रेलरला स्वतःचं रजिस्ट्रेशन आणि स्वतःचा नंबर लागतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखाच. म्हणून पैसे देण्याआधी विचारा की या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी आहे का, आणि कागद डोळ्याने बघा. ‘होऊन जाते भाऊ’ हे उत्तर नव्हे. आमच्या बनवणाऱ्याने तेच उत्तर देऊन कागदांसाठी चार महिने लटकवलं.

लग्नसराईत भाड्याने मागणारे येतात, नवरदेवाला उतरायला. खासगी पासिंग आहे, भाड्याने देता येत नाही, असं सांगून वाटेला लावतो. सख्ख्या पुतण्याला मात्र तसं सांगता येईना, पैसे न घेता दिला. हळदीची सगळी मंडळी आत. सोफ्याला कापड लावलं होतं, बायकोच्या पसंतीचं, फिक्या रंगाचं. घेणाऱ्यांनी रेक्झिनच लावावं.