पॅक्सजीन ब्लड आरएनए ट्यूब : तापातून उठणाऱ्या रुग्णाच्या रक्तासाठी

डेंग्यूतून रुग्ण बरा होत असताना त्याच्या पांढऱ्या पेशींतील कोणती जनुके शांत होतात आणि कोणती कामाला लागतात, हे तपासायचे असेल तर पहिली अडचण अशी की, शिरेतून बाहेर काढलेले रक्त स्वस्थ बसत नाही. रक्त गोठू न देणाऱ्या साध्या ईडीटीए नळीत ते काही तास राहिले, तरी पेशींतील आरएनएचे, म्हणजे चालू जनुकांवरून तयार होणाऱ्या संदेश-रेणूंचे, प्रमाण बदलू लागते आणि मोजमाप रुग्णाऐवजी नळीतल्या घडामोडींचे होऊन बसते. क्वायजेन आणि बीडी यांच्या प्रीॲनालिटिक्स या संयुक्त कंपनीची पॅक्सजीन ट्यूब ही अडचण चोख दूर करते.

नळीत 6.9 मिलिलिटर द्रावण आधीच भरलेले असते. त्यात 2.5 मिलिलिटर रक्त ओढले गेले की पेशी फुटतात आणि आरएनए त्या क्षणीच्या स्थितीत टिकून राहतो. मात्र नळी लगेच 8 ते 10 वेळा अलगद उलटीसुलटी करावी लागते. द्रावण शिरेकडे परत जाऊ नये म्हणून रुग्णाचा हात खाली आणि नळी उभी हवी, हे रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञाला बजावून सांगावे. नमुना 18 ते 25 अंश सेल्सिअसमध्ये 3 दिवस टिकतो, त्यामुळे तालुक्याच्या रुग्णालयातून तो प्रयोगशाळेपर्यंत पाठवणे शक्य होते. अर्थात मराठवाड्यातल्या मे महिन्यात हे तापमान खोलीत नव्हे, वातानुकूलित खोलीतच मिळते.

खरी मर्यादा निष्कर्ष काढताना जाणवते. तापाच्या सुरुवातीला आयएसजी15, एमएक्स1 यांसारखी, इंटरफेरॉन या विषाणूविरोधी प्रथिनाच्या इशाऱ्यावर चालणारी जनुके उसळतात. ताप उतरू लागला की ती ओसरतात आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींची जनुके वर येतात. परंतु ही वाढ प्रत्येक पेशीतील हालचालीची, की त्या पेशींची संख्याच वाढल्याची, हे सगळ्याच पेशी फोडून टाकणारी नळी सांगू शकत नाही. म्हणून त्याच वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि डिफरन्शियल काउंट (पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी) यांसाठी वेगळे रक्त घ्यावेच. शिवाय लाल पेशींतील ग्लोबिन या हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाचा आरएनए इतका मुबलक असतो की सिक्वेन्सिंगपूर्वी, म्हणजे आरएनएचा क्रम वाचण्यापूर्वी, तो वगळावा लागतो, आणि त्याचा खर्च नळीच्या किमतीत धरलेला नसतो.

3 मिलिलिटर रक्त घेणारी टेम्पस ट्यूब हा तुल्यबळ पर्याय आहे. मात्र आजारपणातले नमुने एका नळीत आणि बरे झाल्यानंतरचे दुसरीत, असे कधीही करू नये; नाहीतर नळ्यांमधला फरकच आजारातला फरक वाटू शकतो.