‘किल्ल्यातल्या चर्चचं सागवान’ म्हणून घेतलेले चोवीस क्रूस

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येणाऱ्या जवळच्या चोवीस घरांना जपून ठेवावंसं काहीतरी द्यायचं, असं आम्हा भावंडांचं ठरलं. त्याच सुमारास एका प्रदर्शनात मला ते क्रूस दिसले. वीतभर उंच, काळपट, मधोमध एक गंजलेला चौकोनी खिळा. विक्रेता म्हणाला, ‘ताई, वसई किल्ल्यातल्या सेंट जोसेफच्या छपराच्या तुळया आहेत. चारशे वर्षांचं सागवान, पुन्हा मिळणार नाही.’ प्रत्येकासोबत सोनेरी किनारीचं, क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र. एकाचे अठराशे, चोवीस घेतले म्हणून सोळाशेला दिले. ३८,४०० रुपये रोख मोजले. पावती ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो’ म्हणाला, ती आजतागायत आलेली नाही.

मी भुलले त्याला कारण आहे. आमच्या वाडीचं जुनं देऊळ (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात) मी तिसरीत असताना उतरवलं आणि तिथे स्लॅबचं नवं उभं राहिलं. पावसात त्या जुन्या छपराला यायचा तो ओल्या लाकडाचा वास मला अजून आठवतो. त्या तुळयांचं पुढे काय झालं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. ही हळहळ आमच्या भागात घरोघरी आहे आणि हा सगळा धंदा तिच्यावरच चालतो.

क्रूस वाटून झाले आणि पुढच्या रविवारी मामा आले. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस. त्यांनी क्रूस हातात घेतला आणि सगळ्यात आधी नाकाला लावला. ‘पोरी, याला व्हिनेगरचा वास येतोय.’ मग माझ्या परवानगीने करवतीने त्याचा एक हात कापला. आतलं लाकूड फिकट, पांढुरकं निघालं. काळा रंग वरवर, नखाच्या जाडीइतकाही नव्हता. जुनं सागवान वरून कितीही काळवंडलं तरी नवा काप दिला की आत सोनेरी-तपकिरी निघतं, बोटाला तेलकट लागतं आणि त्याला कातड्यासारखा वास येतो. हा साधा आंबा होता. मामांनी कृतीही सांगितली: लाकडावर आधी चहाचं कडक पाणी फिरवायचं, वाळलं की व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजवलेल्या भांडी घासायच्या लोखंडी काथ्याचं पाणी मारायचं. बघता बघता लाकूड काळं पडतं.

खिळा उपटला तर तो बाजारात मिळतो तोच तारेचा खिळा. डोकं ठोकून चौकोनी केलेलं, दांडा मात्र गोल. लोहाराने घडवलेला जुना खिळा टोकापर्यंत चौकोनी असतो, खाली निमुळता होत जातो आणि त्याचा गंज भोवतीच्या रेषांमध्ये खोल उतरून लाकूड काळंनिळं करतो. इथे भोकाच्या कडा स्वच्छ होत्या.

मग मी प्रमाणपत्रं गोळा केली. चोवीस क्रुसांना मिळून क्रमांक सहाच.

किल्ल्यात लहानपणापासून जातेय, पण या वेळी छपराचा विचार करत गेले. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. सेंट जोसेफचा मनोरा आज उभा आहे, भिंती आहेत, वर मात्र मोकळं आभाळ. आमच्याकडचा पाऊस आणि वाळवी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी विचार करावा: उघड्यावर पडलेल्या तुळया इतकी वर्षं कोणासाठी शिल्लक राहतील? वसईहून मराठ्यांनी नेलेल्या घंटांचा माग लागतो, कारण त्या हिंदूंच्या मंदिरांमध्ये टांगल्या गेल्या आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर तर १७२१ हे सालच ओतलेलं आहे. लाकडावर साल नसतं. तिथे कागद लागतो, नाहीतर ते उतरवताना पाहिलेला माणूस तरी लागतो.

शिवाय किल्ला पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. तिथून काही काढून नेणं गुन्हा आहे. इमारतीतून काढलेली शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणजे विक्रेता खरं बोलत असता तर मी चोरीचा माल घेतला असता. हे मला पैसे देण्याआधी सुचायला हवं होतं.

फोन केला तेव्हा तो म्हणाला, ‘मी दुसऱ्याकडून घेतो.’ त्या दुसऱ्याने तिसऱ्याचं नाव सांगितलं. तिसरा फर्निचरच्या कारखान्यातले उरलेले तुकडे किलोवर घेणारा निघाला. चर्च हा शब्द त्याने माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पावती नसल्याने काम अवघड आहे, म्हणून कळकळीने सांगते, पावतीवर ‘कुठल्या इमारतीचं, कधी उतरवलेलं, कोणाकडून घेतलेलं’ हे लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. खरा माल असेल तर हे लिहायला कोणी कचरत नाही.

आमच्या पॅरिशच्या फादरांनी माझ्यासाठी जुनी हिशेबाची वही काढली. देऊळ उतरवलं त्या वर्षीच्या लिलावाची नोंद त्यात होती: तुळया किती, घेणारा कोण, रक्कम किती. त्यातल्या दोन तुळया शेजारच्या वाडीत एका घराच्या ओटीवर अजून आहेत. जुन्या जोडाची चौकोनी भोकं तशीच उघडी, खिळ्यांभोवती काळे डाग. घरच्या आजींनी मला स्टूल दिलं आणि मी तुळईला हात लावला.

चोवीसही घरांना मी स्वतः जाऊन खरं सांगितलं. सतरा क्रूस परत आले. उरलेल्या सात घरांत ते आल्तारावर (घरातल्या देव्हाऱ्यावर) लागले आहेत, त्यांच्यासमोर रोज मेणबत्ती लागते. ते काढा असं मी म्हटलं नाही, फक्त लाकूड आंब्याचं आहे हे सांगितलं.